मदत हवी आहे: केनियात वाटामूजवळ एकांतातला बीच लॉज, तारखा कशा ठरवाव्यात?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. नाशिकहून सहा जण जाणार आहोत: वडील (६७), तीन मोठे आणि ८ व ११ वर्षांची मुलं. वाटामू गावाबाहेर, अगदी पुळणीला लागून असलेला सहा खोल्यांचा लॉज पाहून ठेवलाय. तिथूनच अराबुको-सोकोके जंगल आणि एक दिवस त्सावो ईस्ट राष्ट्रीय उद्यान असा बेत आहे. शाळेमुळे मे किंवा दिवाळी एवढेच पर्याय. ॲडव्हान्स भरण्याआधी लॉजला काय विचारावं? वडिलांच्या यलो फीव्हरच्या लशीचं काय करावं? सगळे शाकाहारी आहोत.

उधाण_भांग
मे नको. एप्रिल-मे हा तिथला मोठा पाऊस. बरेच लॉज तेव्हा बंद असतात आणि जंगलातल्या मातीच्या वाटांवर गाडी रुतते. दिवाळीच्या सुमाराला छोटा पाऊस असतो, सर येते आणि जाते.

पण दिवाळीतले कुठले दिवस घ्यायचे, हे खोलीच्या दरावरून नका ठरवू, तिथीवरून ठरवा. त्या किनाऱ्यावर उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला) पाणी साडेतीन-चार मीटर चढतं-उतरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पूर्ण ओहोटी सकाळी दहा-अकराला येते. तेव्हा लॉजसमोर पोहायला पाणी नसतं. लांबवर वाळू, खडक आणि डबकी दिसतात. भरती दुपारी चार-पाचला. रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून अष्टमीला बरोबर उलटं होतं: सकाळी दहा-अकराला भरती, आणि भांग (छोटी भरती-ओहोटी) असल्यामुळे पाणी फार मागेही जात नाही.

लक्ष्मीपूजन अमावास्येलाच, म्हणजे त्या दोन-तीन दिवसांत उधाण ठरलेलं. भाऊबीज घरी करून निघालात, तर पुढचे सात दिवस कार्तिक शुद्ध अष्टमीच्या आजूबाजूला पडतात. मुलांना पोहायला तेच सोयीचे. नक्की वेळा मात्र मोम्बासाच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या.

जवळच्या मिडा खाडीत तिवरांतून होडीने फिरायचं तर भरती हवी. ओहोटीला होडी चिखलात बसते. पण चिखलावर टिपायला येणारे पक्षी ओहोटीलाच दिसतात. वाटामूच्या सागरी उद्यानात प्रवाळ बघायला ओहोटीची वेळ धरा.

ओहोटीला मुलं वाळूच्या पट्ट्यावर चालत जातात, तिथे सांभाळा. पाणी वळलं, म्हणजे भरती सुरू झाली, की समोरून लाट येताना दिसत नाही. आधी पाठीमागची, पट्टा आणि किनारा यांच्यामधली नाळ (पाण्याची खोलगट वाट) भरते. परत येताना ती कमरेएवढी झालेली असते. पाणी वळायच्या अर्धा तास आधी परत फिरा. पायात रबरी बूट हवेतच, खडकांच्या फटींत काळे सागरी साळू (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) असतात. काटा मोडला तर खणू नका. आधी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवा, मग चिमटा.

लॉजला विचारा: वीज सोलरची असेल तर रात्री पंखा किती वाजेपर्यंत चालतो? मच्छरदाणी प्रत्येक पलंगाला आहे का? नळाचं पाणी बोअरचं आणि मचूळ आहे का? प्यायच्या पाण्याचे मोठे कॅन मिळतात का? माकडं खोलीत शिरतात, खिडकीला जाळी आहे का?

डॉक्टरांना_विचारा
लस मुंबईच्या अधिकृत केंद्रावर अपॉइंटमेंट घेऊन टोचून घ्या. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि एकच डोस जन्मभर चालतो. केनियाहून परत येताना ते नसेल, तर भारतात विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

वडिलांचा मुद्दा गंभीरपणे घ्या. ही जिवंत विषाणूची लस आहे आणि साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, तर बुकिंगच्या आधी डॉक्टरांशी बोला. किनाऱ्यावर मलेरिया आहे. तो टाळायला डॉक्टरांनी ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे औषध दिलं, तर ते जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर सात दिवस घ्यावं लागतं. मुलांचा डोस वजनावर ठरतो.

पाऊलवाट
जंगलाबद्दल. अराबुको-सोकोके सुमारे ४२० चौरस किलोमीटर. सकाळी साडेसहाला गेडे गावाच्या फाट्यावरून स्थानिक गाइड घेऊनच शिरा. सोकोके स्कॉप्स घुबड वीतभरही नसतं, पानांत बसलेलं गाइडशिवाय दिसणार नाही. पाचोळ्यात खसखस झाली की थांबा. सोनेरी पाठीचा सेंगी (लांब नाकाचा, चिचुंद्रीसारखा दिसणारा प्राणी) असू शकतो.

त्सावो ईस्टचं साला गेट जवळच्या मालिंदी शहरापासून ११० किलोमीटर. एका दिवसात होतं, पण पहाटे पाचला निघा. शुल्क ऑनलाइन भरा, गेटवर रोख घेत नाहीत. तिथले हत्ती लाल दिसतात ते मातीमुळे.

चिवडा, लाडू न्या, पण डब्यांत. प्लॅस्टिक कॅरीबॅगवर २०१७ पासून बंदी आहे, आणि अभयारण्यांत २०२० पासून एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत. नैरोबीहून मालिंदीला छोट्या विमानाने गेलात, तर काही कंपन्या माणशी १५ किलोच सामान घेतात. जेवणात चपाती आणि नारळाच्या रसातला राजमा (महारागवे) मागा, तो तिथला रोजचा पदार्थ आहे.

गोदाकाठ
आभार. भाऊबीजेनंतरच्या तारखा मागवतो. वडिलांची आधी तपासणी, मगच ॲडव्हान्स.