मदत हवी आहे: डॅशबोर्डला चामडं लावायचंय, पण डावीकडच्या एअरबॅगचं काय करू?

नमस्कार मंडळी,

अकोल्यात राहते. गाडी २०१४ची डिझेल सेडान, एक लाख बत्तीस हजार किलोमीटर झालेली. बाबांनी नोकरीच्या शेवटच्या वर्षांत रत्नागिरीला असताना घेतली आणि ते निवृत्त झाल्यावर २०१८ला ती इकडे आली. इंजिन ठणठणीत आहे. गाडी विकायची नाही, हे घरात ठरलेलं आहे.

डॅशबोर्डची मात्र पार रया गेली आहे. वरचा भाग मऊ आहे, म्हणजे आत फोम आणि त्यावर पातळ कातडीसारखा थर. काचेलगतच्या हवेच्या जाळीपाशी त्याला दोन तडे गेलेत, एक चांगला वीतभर आहे. तिसरा तडा याच उन्हाळ्यात डावीकडे सुरू झाला आणि तो सरकत एअरबॅगच्या झाकणाकडे चाललाय. मधली पट्टी, जिच्यावर रबरासारखा मऊ रंग होता, ती चिकट झाली आहे. बोट लावलं की ठसा उमटतो, धूळ बसली की निघत नाही.

इथल्या दोन कारागिरांना गाडी दाखवली. पहिला म्हणाला, डॅश न काढता वरून रेक्झिन चढवतो, साडेचार हजार, संध्याकाळी गाडी घेऊन जा. दुसरा सगळा डॅश बाहेर काढून खरं चामडं लावणार, शिवण टाकणार, एकोणीस हजार आणि चार दिवस. दुसऱ्याचं काम मी पाहिलं. एका जुन्या जीपचा डॅश केला होता त्यानं. रापीनं, म्हणजे चामडं तासायच्या पात्यानं, चामड्याच्या कडा इतक्या पातळ केल्या होत्या की वळवलेली जागा हाताला कळत नव्हती. मन त्याच्यावरच बसलंय.

पण एअरबॅगचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ताई, त्यात एवढा जोर असतो की चामडं काय, काहीही फाडून बाहेर येते." हे उत्तर काही मला पटलं नाही. बाबा आता गाडी चालवत नाहीत, मी चालवते आणि ते डावीकडे बसतात. त्यामुळे ही गोष्ट मला सगळ्यात आधी नीट कळायला हवी. बाकीचे प्रश्न असे: विदर्भातल्या उन्हात खरं चामडं टिकेल का? गोंद कोणता? रंग फिका तपकिरी आवडलाय, चालेल का? आणि बाबांचं म्हणणं, कोल्हापुरी चपलेचं चामडं इतकं चिवट असतं तर तेच का नाही?

तडे गेलेल्या डॅशचा अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा. घाई नाही, पण पुढच्या उन्हाळ्याआधी करून टाकायचंय.

चाकणकर

ताई, गाड्यांच्या आतले भाग बनवणाऱ्या कारखान्यात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. कारागिराचं काम उत्तम असेल, पण ते एक वाक्य चुकीचं आहे.

जोर असतोच. पण डावीकडची बॅग तीस-चाळीस मिलिसेकंदांत पूर्ण भरावी असा सगळा हिशोब असतो. झाकण फाटायला थोडा जरी जास्त वेळ लागला, तर बॅग भरेपर्यंत माणूस पुढे आलेला असतो आणि मग अर्धवट फुगणारी बॅग त्याच्या छातीवर, तोंडावर आदळते. दुसरं म्हणजे दिशा. झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं. चामडं एका कोपऱ्यात आधी सुटलं आणि दुसरीकडे धरून राहिलं तर बॅग तिरकी उघडते. बऱ्याच गाड्यांत ती आधी वर काचेकडे जाते आणि मग माणसाकडे वळते, तेव्हा तो तिरकेपणा फार महागात पडतो.

कंपनीतून चामड्याचा डॅश येतो त्यालाही एअरबॅग असतेच, मग तिथे कसं जमतं? तिथे त्या रेषेवर चामड्याची मागची बाजू लेझरनं किंवा पात्यानं ठरावीक खोलीपर्यंत कापलेली असते. वरून काही दिसत नाही. काही ठिकाणी त्या रेषेवर शिवण असते आणि तिचा दोरा मुद्दाम कमी ताकदीचा, मोजून निवडलेला असतो. असे नमुने कडाक्याच्या थंडीत, खोलीच्या तापमानात आणि ८५ अंशांच्या आसपास तापवून प्रत्यक्ष फोडून पाहतात. एवढं झाल्यावर ते गाडीत बसतं. दुकानात अंदाजानं मागून ब्लेड मारून हे होत नाही. कमी मारलं तर फाटणार नाही, जास्त मारलं तर दोन उन्हाळ्यांत तिथेच चीर पडेल.

म्हणून झाकणावर आणि त्याच्या भोवतीच्या पट्ट्यात काहीही चिकटवू नका. चामडं नको, रेक्झिन नको, चिकटपट्टीही नको. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही ती आवर्जून सांगतो: चामडं लावण्याआधी कारागीर तडे पुट्टीनं किंवा इपॉक्सीनं भरून घासून काढतात. तुमचा तिसरा तडा झाकणाकडे चाललाय. तिथे पुट्टी भरली तर कंपनीनं मुद्दाम अशक्त ठेवलेली रेषा तुम्ही स्वतःच जोडून टाकाल. त्या तड्याला हात लावू देऊ नका.

प्रश्नकर्ती

दादा, मनापासून आभार. पुट्टीचं मला माहीतच नव्हतं, आणि तो कारागीर तडे भरणार असंच म्हणाला होता. मग तिसऱ्या तड्याचं करायचं काय? तसाच ठेवायचा?

चाकणकर

तसा ठेवण्यापेक्षा वरचा पॅड बदला. अधिकृत सेवा केंद्रात भाग क्रमांक काढून मागवता येतो का विचारा. नसेल मिळत तर त्याच मॉडेलच्या भंगारातल्या गाडीचा घ्या, पण जिची एअरबॅग कधी उघडलेली नाही अशाच गाडीचा. पॅड बदलताना बॅटरीची तार काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबायलाच हवं, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत तार काढल्यावरही काही वेळ विजेचा साठा असतो. त्या तारा आणि त्यांचे जोड बहुधा पिवळ्या रंगाचे असतात. चामडं शिवणाऱ्या माणसानं त्यांना हात लावू नये. पॅड सेवा केंद्रात काढून घ्या, तिथेच परत बसवा, आणि मीटरमधला एअरबॅगचा दिवा चालू करताना पेटून नीट विझतोय ना ते बघूनच गाडी ताब्यात घ्या.

रंकाळ्यावरून

तुमच्या बाबांचा प्रश्न आवडला. आमच्या घरात दोन पिढ्या चपलांचं काम आहे. कोल्हापुरीचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात. चिवट असतं हे शंभर टक्के खरं, पण ते पायाखाली चिवट असतं. उन्हात ते गडद होत जातं, कोरडं पडलं की आक्रसतं आणि कडा वर उचलते. चपलेला आपण तेल लावतो, पायाचा घाम लागतो, ती वळत राहते. डॅशबोर्डवर ते नुसतं पडून भाजणार. शिवाय तळाचं चामडं जाड, डॅशच्या गोलाईवर वळणारच नाही.

तुम्हाला क्रोमनं (क्रोमियमच्या क्षारांनी) कमावलेलं चामडं लागेल, साधारण एक मिलिमीटर जाडीचं. क्रोमचं चामडं उष्णता बरीच जास्त सोसतं. त्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर हवा. विकणारा "सोफ्याचं आहे, गाडीला चालतं" म्हणाला तर घेऊ नका. सोफा सावलीत असतो.

चामडं चौरस फुटावर विकतात. मुंबईला जाणं झालं तर धारावीत हात लावून, वळवून, मागची बाजू बघून घेता येतं. म्हशीच्या चामड्याचा दाणा जाड असतो, डॅशवर तो शोभतो असं माझं मत. महाराष्ट्रात २०१५च्या कायद्यानंतर गाईंबरोबर बैलांच्याही कत्तलीवर बंदी आहे, गाय-बैलाचं स्थानिक चामडं फारसं मिळत नाही, त्यामुळे कुणी "इथलंच गाईचं" म्हणून विकत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

आणि एक करा. ठरवलेल्या चामड्याचा तळहाताएवढा तुकडा, ठरवलेल्या गोंदानं, तुमच्याच जुन्या प्लास्टिकच्या तुकड्यावर चिकटवा आणि काचेखाली ठेवून द्या. एप्रिल-मे मधले पंधरा दिवस पुरेत. कडा उचलली, रंग उतरला, वास आला, सगळं तिथेच कळेल.

वर्धेवाला

माझा अनुभव वाईट आहे, तुमच्या कामी यावा म्हणून लिहितो. मी तीन वर्षांपूर्वी करून घेतलं. एअरबॅगचा प्रश्न नव्हता, माझ्या गाडीला ती नाहीच. (चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या सीटची २०२१ मध्ये सक्तीची झाली. माझी त्याआधीची.) पहिल्याच मे महिन्यात काचेकडची पूर्ण कड सुटली आणि चामडं पापडासारखं वळलं.

कारणं दोन निघाली. एक, साधा रबरी गोंद. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात उन्हात उभ्या गाड्यांची मोजणी करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले होते. तासाभरात आतली हवा सरासरी ४७ अंश झाली आणि डॅशबोर्ड ६९ अंश. आपल्याकडचा मे त्याहून सौम्य नाही. एवढ्या उष्णतेत साधा गोंद मऊ पडतो आणि ताणून बसवलेलं चामडं त्याला ओढून काढतं. उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट गोंदच हवा. तो दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासा झाल्यावर मगच जोडायचा. घाईत ओला असताना जोडला की आत बुडबुडे.

दुसरं कारण माझंच. मी वर्षानुवर्षं चमक आणणारं सिलिकॉनचं पॉलिश मारत होतो. ते प्लास्टिकवर बसून राहतं आणि त्यावर कोणताच गोंद धरत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं दोन-तीनदा पुसून, हलकं घासून मग काम करायला हवं होतं.

अजून एक, भाग काढल्यावर त्याची मागची बाजू बघा. प्लास्टिकचं नाव तिथे कोरलेलं असतं. एबीएस असेल तर गोंद छान धरतो. पीपी असेल तर ते मेणासारखं निसरडं, आधी त्याचा खास प्रायमर लागतो. आमच्या कारागिरानं हे पाहिलंच नव्हतं.

नवी मुंबईकर

रंगाबद्दल: फिका तपकिरी नका घेऊ. मी बदामी रंगाचं डॅश कव्हर टाकलं होतं, दुपारी समोरच्या काचेत रस्त्यापेक्षा डॅशच जास्त दिसायचा. काढून टाकलं. वरचा भाग काळा किंवा गडद आणि बिनचमकीचाच हवा. फिका रंग खालच्या भागात, दरवाज्यांच्या पट्ट्यांवर हौसेनं वापरा. वर काहीही लावलं तरी हवेची जाळी आणि स्वयंचलित एसी असेल तर काचेखालचा तो छोटा काळा उन्हाचा सेन्सर झाकू नका.

मधली पट्टी चिकट झाली ती कोकणातल्या दमट हवेनं. त्या मऊ रंगाचा थर दमटपणानं हळूहळू विघटित होतो, आमच्याकडे कितीतरी गाड्यांत पाहिलंय. तो पुसून बरा होत नाही, पूर्ण काढावाच लागतो. त्यावरच चामडं चिकटवलं तर ते त्या चिकट थरासकट सुटेल.

अवांतर: डॅशबोर्ड हा शब्दच मुळात चामड्याच्या जवळचा आहे. घोडागाडीत घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी असायची ती हीच, आणि कित्येकदा ती चौकटीवर ताणलेल्या चामड्याची असायची. त्यामुळे तुमचा हट्ट काही नवा नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे खूप आभार. बाबांना सगळे प्रतिसाद मोठ्यानं वाचून दाखवले. कोल्हापुरीचं उत्तर त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

काल कारागिराकडे परत गेले. चाकणकर दादांचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "मग वरचा भाग मी घेतच नाही, ताई. बाकीचं करतो." त्याच्याबद्दलचा आदर वाढला. आता ठरलंय ते असं: वरचा पॅड सेवा केंद्रातून बदलायचा आणि त्यावर काहीच लावायचं नाही. चामडं फक्त मीटरवरच्या कमानीला, मधल्या पट्टीला आणि चारही दरवाज्यांना, जिथे एअरबॅगचा संबंध नाही तिथेच. खर्च नऊ हजारांवर आलाय. चिकट थर काढून पट्टी मागून पाहिली, एबीएस निघालं. वरच्या पॅडसाठी समोरच्या काचेला चंदेरी घडीचा पडदा आणलाय, गाडी उभी केली की लावते. काचेवर फिल्म मारायचा विचार नियमांमुळे सोडून दिला.

चामड्याचा काळा तुकडा परवापासून काचेखाली ठेवलाय. सध्या दुपारी ३६ अंशच आहे, म्हणून खरी परीक्षा मे मध्ये, तोवर कामाला हात लावणार नाही.

आता एकच अडचण. वरचा पॅड सेवा केंद्रात दोन महिने थांबूनही मिळेल याची खात्री देत नाहीत. पुणे, नाशिक किंवा नागपूरला जुन्या गाड्यांचे सुटे भाग नीट तपासून, गाडीची माहिती सांगून देणारं कुणी खात्रीचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा. आणि चाकणकर दादा, तसा पॅड घेताना झाकणाच्या मागच्या बाजूला नेमकं काय बघायचं, तेवढं लिहाल का?

चाकणकर

लिहितो. झाकणाची रेषा मागून बोटानं चाचपा, ती सलग लागली पाहिजे. कुठे गोंद, पुट्टी किंवा वितळवून जोडल्याची खूण दिसली तर तो पॅड तिथेच ठेवा. बिजागरीची बाजू आणि धातूच्या पट्ट्या वाकलेल्या नकोत. वरून रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. आणि एअरबॅगचा डबा तुमच्याच गाडीचा ठेवा, भंगारातला फुकट दिला तरी घेऊ नका. घ्यायच्या आधी मागच्या बाजूचे फोटो इथे टाका, मी बघतो.