जुनी पिकअप, चेसिसला गंज आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) तोंडावर. इंजिन करू की गाडी काढून टाकू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी सत्तरीतला, वाळपईच्या आत आमचं कुळागर आहे. सुपारी, नारळ, केळी आणि पावसाळा सरला की थोडी भाजी. दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार करतो. आधी भाड्याचा टेंपो करायचो पण ऐन चतुर्थीच्या आठवड्यात टेंपोवाला फोन उचलायचा नाही आणि केळीचे घड पडवीत पिकून काळे पडायचे, म्हणून २०२२ च्या दिवाळीत मी आणि बाबांनी मिळून सेकंड हँड पिकअप घेतली. २०१२ चं मॉडेल, अडीच लिटर डिझेल, बीएस-३ (प्रदूषणाचा जुना निकष), डिझेलचा जुना मेकॅनिकल पंप. २ लाख ८५ हजारांत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तक्रार कंपनीबद्दल नाहीच, दहा वर्षं कोणाच्या तरी हातात राबलेल्या गाडीबद्दल आहे.

घेताना मी इंजिनचा आवाज ऐकला, टायर बघितले, आरसी, फायनान्सची एनओसी, चलनं सगळं तपासलं. चेसिसला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, नवाकोरा काळा रंग होता, मला वाटलं माणसाने गाडी जपलीय. पहिल्या पावसात हौद्यातून (मागे माल भरतो तिथून) वास यायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, अरे ही मासळीची गाडी. चौकशी केली तर खरंच, आधीची कित्येक वर्षं ती किनाऱ्यावर मासळीला होती. बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर.

गेल्या आठवड्यात मेस्त्रीने गाडी जॅकवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चेसिस ठोकत ठोकत मागे गेला. पुढे सगळीकडे टणटण आवाज, आणि मागच्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) हँगरजवळ, म्हणजे पाटा चेसिसला अडकतो तिथे, एकदम थप असा मऊ. रंगाचा फुगवटा होता तो फुटला, आत तांबडे पापुद्रे थरावर थर, नखाने सुटत होते. टोक दाबलं तर आरपार. दुसऱ्या बाजूला तर आधीच कोणीतरी पट्टी वेल्ड करून वरून रंग मारलेला. मी खाली वाकून बघत होतो आणि डोळ्यांसमोर एकच, याच गाडीत दर शुक्रवारी माझ्या शेजारी आई बसते.

वर इंजिनचंही चालूच आहे. सकाळी थंड असताना पांढरा धूर, पाचेक मिनिटांनी जातो. ऑइल हजार किलोमीटरला अर्धा लिटर कमी होतं. बेळगावला बटाटा-कांदा आणायला जातो तेव्हा चोर्ला घाटाच्या चढावर काटा लाल पट्टीला टेकतो, दोनदा थांबून गार करावी लागते. मेस्त्री म्हणतो हाफ इंजिन (इंजिन उघडून रिंगा-बेअरिंग बदलणं) करून टाक, ४५ ते ५० हजार. चेसिसचं तो म्हणतो, वेल्डिंग मारू, काही होत नाही. हे दुसरं मला पटत नाहीये.

आतापर्यंतचा खर्च लिहितो म्हणजे अंदाज येईल. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग मिळून मजुरीसकट ११,५००. चार टायर २६ हजार. ब्रेकचे मागचे व्हील सिलिंडर दोनदा गळले, ब्रेक लायनर एकदा बदलले. सेल्फ (स्टार्टर) एकदा, बॅटरी एकदा. इन्शुरन्समध्ये नुसत्या थर्ड पार्टीचाच बेस १६,०४९, टॅक्स वेगळा. आठ वर्षांवरची मालवाहू गाडी म्हणून पासिंग दर वर्षी, आणि प्रत्येक पासिंगच्या आधी रंग, रिफ्लेक्टर टेप, लाइटी यात १०-१२ हजार जातातच. तीन वर्षांत गाडीच्या निम्म्या किमतीएवढे पैसे वर गेले.

पासिंग पुढच्या महिन्यात आहे. तर विचारायचं असं की अशी चेसिस नीट होते का, इंजिनला खरंच हात लावायची गरज आहे का, आणि तुम्ही माझ्या जागी असता तर पैसे घातले असते का? कोणाला गंज झाकून विकायची माझी तयारी नाही हे आधीच सांगतो.

प्रतिसाद :
दादा, इंजिन आधी उघडू नका, ५० हजार इंजिनात घालाल आणि चेसिस निकामी निघाली तर ते पैसे मातीत. क्रम उलटा करा. हौदा उतरवून घ्या, बोल्ट सोडले की चार माणसं लागतात, वायर ब्रशने पूर्ण चेसिस घासा, रंगावरून काही कळत नाही, गंजावर मारलेला रंग ओल आतच कोंडतो. तुम्ही सांगताय ती हँगरची जागा सगळ्यात वाईट, पाट्याचा सगळा धक्का तिथेच बसतो. नुसती पट्टी वेल्ड केली तर वेल्डच्या कडेला पत्रा तापून कमजोर होतो आणि पुढचा तडा तिथूनच जातो. चांगल्या लोखंडापर्यंत कापून, आतून चॅनेल बसवून रिव्हेट-बोल्टने करणारा बॉडीवाला लागतो. आणि मागे जास्तीचा पाटा टाकलाय का बघा. मासळीवाले ओव्हरलोडसाठी टाकतात, त्याने गाडी ताठ होते आणि मार चेसिस खाते.

प्रतिसाद :
वरच्यांशी सहमत. अजून एक, पुढच्या उजव्या चेसिसवर पंच केलेला नंबर आत्ताच साफ करून बघा. पासिंगला तो वाचता आला नाही की गाडी परत पाठवतात. गंजाने खाल्ला असेल तर आरटीओच्या परवानगीशिवाय कोणाकडून पंच करून घेऊ नका, फार महागात पडेल.
इंजिनचं सांगतो, गरम करून आयडलिंगला ऑइलचं झाकण सैल करा. धूर भकाभक ढकलत आला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. साधी वाफ असेल तर हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारे) आणि इंजेक्टर (डिझेल फवारणारे) बघा, थंडपणी पांढरा धूर त्यानेही येतो. निळा असता तर ऑइल जळतंय म्हटलं असतं. चोर्ल्यात तापते त्याला रेडिएटर चोकअप हे पहिलं कारण, उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, फार खर्च नाही. टर्बोचा पाइप काढून आत बोट फिरवा, ऑइल कुठे जातंय ते तिथेही कळेल.

प्रतिसाद :
काढायची ठरवलीत तर घाबरून काढू नका, दहा वर्षांच्या डिझेलची बंदी दिल्लीकडची आहे, आपल्याकडे नाही. पण पासिंगची तारीख चुकवू नका, संपल्यानंतर दिवसाला ५० रुपये चढतात. माझे मामा चार महिने राहिले होते आज उद्या करत.

धागाकर्ता :
सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी झाकणाची टेस्ट केली, हलकी वाफ आहे, ढकलत नाही, म्हणजे इंजिन तूर्त राहू दे. नंबर पेट्रोलने पुसला, स्पष्ट वाचता येतो. मागे खरंच एक पाटा जास्तीचा आहे, बाकीच्यांपेक्षा जाड. येत्या रविवारी शेजारचे दोघे येतायत, हौदा उतरवतोय. हँगरच्या पुढे गंज गेला नसेल तर कापून चॅनेल बसवून घेईन, क्रॉस मेंबरपर्यंत (चेसिसच्या आडव्या पट्टीपर्यंत) गेला असेल तर गाडी स्क्रॅपला. तोवर आईला बसने पाठवतोय. फोंडा किंवा डिचोलीच्या बाजूला चेसिसचं रिव्हेटचं काम करणारा कोणी खात्रीचा असेल तर मेसेज करा, फोटो रविवारी रात्री टाकतो.