कानाच्या पडद्यामागे कोलेस्टिअटोमा (साठलेल्या त्वचेची गाठ), मुलगी ८ वर्षांची: ऑपरेशनबद्दल अनुभव हवेत

नमस्कार, आम्ही देवगडजवळ राहतो. पावसाळ्यात शाळेतल्या बाई म्हणाल्या, हाक मारली की लेक मान वळवून उजवा कान पुढे करते. मग माझ्याही ध्यानात आलं. पत्र्यावर पाऊस वाजत असला की ती माझ्या ओठांकडे बघत राहते. उजव्या कुशीवर झोपली तर हाकेने उठत नाही. कान कधी वाहिला नाही, दुखला नाही, म्हणून शंकाच आली नाही. सासूबाई लसणीचं कोमट तेल सोडायच्या. एका डॉक्टरांनी सर्दीचं पाणी समजून दोन महिने औषधं दिली.

शेवटी घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथल्या कानाच्या डॉक्टरांनी स्क्रीनवर दाखवलं: पडदा शाबूत, आणि त्यामागे तांदळाच्या कणीएवढा पांढरा मणी. जन्मजात आहे म्हणाले. कॅन्सर नाही, त्वचेच्या पेशी नको तिथे राहून साठत जातात, पण हाडं खातात. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, डाव्या कानाला ४५ डेसिबलने कमी ऐकू येतं असं निघालं, ऐकण्याची नस चांगली. सीटी स्कॅनमध्ये कानातलं ऐरणीचं छोटं हाड झिजलेलं दिसतंय.

औषधाने जात नाही, हे पटलंय. पण ऑपरेशननंतर ९ ते १२ महिन्यांनी, आत काही उरलंय का म्हणून, पुन्हा कान उघडून बघावा लागेल म्हणतात. एवढ्याशा पोरीला दोनदा भूल द्यायची, या विचाराने झोप लागत नाही. त्याऐवजी एमआरआय चालतो का? आणि नवं हाड कधी बसवतात? ज्यांच्या मुलांचं झालंय त्यांनी कृपया लिहा.

प्रतिसाद

ताई, माझ्या मुलाचं झालंय. एमआरआय चालतो, पण साधा नाही. त्यासाठी नॉन-ईपीआय डिफ्यूजन प्रकारचा लागतो, तो कुठे होतो ते आधीच विचारून ठेवा. तरी दोन-तीन मिलिमीटरहून लहान कण त्यात सुटू शकतो, म्हणून काही सर्जन उघडूनच बघतात. आमच्याकडे हाड दुसऱ्या वेळी बसवलं, कान स्वच्छ असल्याची खात्री झाल्यावर. काहींचं पहिल्याच वेळी होतं.

चेहऱ्याची नस तिथूनच जाते. ऑपरेशनच्या वेळी नर्व्ह मॉनिटर (त्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र) लावणार का, हे जरूर विचारा. तेल आजपासून बंद. तोंड वाकडं झालं, गरगरलं किंवा तापासोबत डोकं खूप दुखलं तर तारखेची वाट न बघता लगेच न्या. वर्गात तिला डाव्या बाजूच्या पहिल्या बाकावर बसवा, म्हणजे चांगला कान बाईंकडे राहील.