गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई व्यायाम टाळते, काय करावं?

गोदाकाठ: आईचा गुडघा बदलून दीड महिना झाला. फिजिओ घरी यायचे तोवर सगळं नीट चाललं होतं, ते यायचे थांबले आणि व्यायामही थांबला. कागदावर आठ-नऊ प्रकार लिहून दिलेत, दिवसातून तीनदा करायचे. विचारलं की "झाले की सकाळीच" म्हणते, पण बाबा सांगतात दोनदा पाय हलवला की संपलं. गुडघा जेमतेम नव्वद अंशात वाकतो. मी रागावून बघितलं तर रुसून बसते. काय करू?

फिजिओताई: दादा, रागावू नका हो. हा आळस नसतो, बहुतेक वेळा भीती असते, दुखलं म्हणजे आत काहीतरी बिघडलं असं पेशंटला वाटतं आणि ऑपरेशननंतर तसं कुणी समजावून सांगितलेलं नसतं. थोडं दुखणं, सूज काही महिने राहतेच हे त्यांना स्पष्ट सांगा. डॉक्टरांना विचारून पेनकिलर व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या, नंतर बर्फ. आणि आठ-नऊ प्रकार फार झाले! १९९९ सालच्या एका अभ्यासात ६५ च्या पुढच्या लोकांना २, ५ किंवा ८ व्यायाम दिले होते, तर २ वाल्यांनी ८ वाल्यांपेक्षा ते जास्त नीट केले. तुमच्या फिजिओंना फोन करून दोन-तीनच ठरवून घ्या, माझ्या मते टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवणं आणि टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबणं हे दोन तरी हवेतच. पोटरी दुखून सुजली, ताप आला किंवा जखमेतून पाणी आलं तर मात्र थेट डॉक्टर.

मिरजकर: आमच्या सासूबाईंचंही अगदी हेच. व्यायामाची वेळ वेगळी ठेवली की राहून जायचा, मग सकाळच्या चहाआधी आणि संध्याकाळच्या सिरियलच्या जाहिरातीत असं ठरवलं, नातू शेजारी बसून मोजायचा. कुणी बघतंय, बरं चाललंय म्हणतंय, याने त्यांना जाम हुरूप यायचा.

गोदाकाठ: ताई, टाचेखाली की गुडघ्याखाली? आई गुडघ्याखाली ठेवते.

फिजिओताई: गुडघ्याखाली ठेवून दाबायचाही व्यायाम असतो, चूक नाही. पण पाय पूर्ण सरळ होत नसेल तर टाचेखाली. आणि झोपताना गुडघ्याखाली उशी अजिबात नको, बरं वाटतं पण पाय वाकलेलाच राहतो. आईंना एकदा विचारा, बरं झाल्यावर त्यांना कुठे जायचंय. देवळाच्या पायऱ्या, माहेर, काहीही असेल, व्यायाम त्याच्यासाठी आहे असं कळलं की त्या स्वतःहून करतील, अंश वाढले का याच्याशी त्यांना काय देणंघेणं.