मदत हवी आहे: काथ्या पीपीला (पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकला) धरत नाही, कॉस्टिक सोड्यानंतर सिलेन (धागा आणि प्लास्टिक जोडणारं रसायन) लावावं का?

मंडळी, वेर्ण्याच्या युनिटमध्ये कुंड्यांसाठी पीपीत वजनाने 20 टक्के काथ्या घालतोय. धागा 3 मिमी कापलेला (स्क्रूमध्ये आणखी तुटतो, ते माहीत आहे). ट्विन स्क्रू (वितळवून मिसळणारं यंत्र) 185 अंशांवर. 200 च्या वर काथ्या करपतो आणि वास येतो.

आतापर्यंत केलेलं: 5 टक्के कॉस्टिकमध्ये 2 तास, मग पाण्याने धुणं, 80 अंशांवर रात्रभर सुकवणं. सोबत कपलर (धागा आणि प्लास्टिक जोडणारा) म्हणून मॅलेइक ॲनहायड्राइडवालं पीपी 3 टक्के. तरी तुटलेल्या तुकड्यात धागे स्वच्छ उपटून आलेले दिसतात, भोकं गुळगुळीत. 5 टक्के कपलर घालूनही फरक नाही, म्हणजे प्रमाण कमी पडत नसावं. धुणं अॅसिटिक ॲसिडशिवाय झालं आणि पीएच पेपर 8 दाखवत होता. कॉस्टिकमधला उरलेला सोडियम कपलरमधल्या ॲनहायड्राइडचं मीठ करून टाकतो, मग ते धाग्याला धरत नाही, अशी शंका आहे. शिवाय या पावसात सुकवलेला धागा हॉपरमध्ये तासभर उघडा राहिला की पुन्हा ओल धरतो.

आता अमिनो सिलेन, धाग्याच्या वजनाच्या 1 टक्का, मिक्सरमध्ये फवारायचा विचार आहे. व्हिनाइल सिलेन नको, त्याला पेरॉक्साइड लागतो आणि त्याने पीपीची साखळी तुटते. इथेनॉलचा परवाना नाही, त्यामुळे द्रावण पाण्यातलंच.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा: आधी अॅसिटिकने पीएच 7 वर आणून फक्त कपलरनेच काम भागेल, की सिलेन लागेलच? आणि लावल्यावर सुकवणं 80 अंशांवर पुरेल की 110 हवं?