झुबिन मेहतांची न्यू यॉर्कमधली तेरा वर्षे: समीक्षकांचा निवाडा रास्त होता का?

नौपाडाकर (ठाणे)

झुबिन मेहता १९७८ ते १९९१ अशी तेरा वर्षे न्यू यॉर्क फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे संगीत दिग्दर्शक, म्हणजे मुख्य संचालक (कंडक्टर), होते. विसाव्या शतकात त्या पदावर सलग इतका काळ दुसरे कोणी राहिले नाही. तरीही त्या पर्वाविषयी जे लिहिले गेले ते वाचत गेले की एकच निवाडा पुन्हा पुन्हा समोर येतो: आवाज भरघोस, हातवारे देखणे, पण आतला तपशील धूसर आणि अर्थ वरवरचा. हा निवाडा एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आला आहे, आणि मुंबई-ठाण्यातले आपण पाश्चात्त्य संगीताचे मोजके श्रोतेही तो स्वतः न तपासता एकमेकांना सांगत असतो. माझ्या मते तो अन्यायाचा आहे, आणि अन्याय कुठे झाला हे दाखवता येते.

ज्या एव्हरी फिशर हॉलमध्ये हे कार्यक्रम झाले, तो १९६२ साली उघडल्यापासूनच त्याच्या ध्वनीबद्दल तक्रारी होत्या. १९७६ मध्ये त्याचा अंतर्भाग काढून टाकून तो पुन्हा बांधला, तरी तक्रारी थांबल्या नाहीत, आणि अखेर २०२२ मध्ये तो आतून संपूर्णपणे नव्याने उभा करावा लागला. अशा ठिकाणी बसून ‘चेलो आणि डबल बास ऐकू आले नाहीत, पितळी वाद्ये मात्र अंगावर आली’ असे लिहिणारा समीक्षक संचालकाविषयी लिहीत असतो की भिंतींविषयी? याच मेहतांनी लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबर डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणे, म्हणजे १९६९ चे स्ट्राविन्स्कीचे ‘राइट ऑफ स्प्रिंग’ आणि १९७१ चे होल्स्टचे ‘प्लॅनेट्स’, तेथील विद्यापीठाच्या रॉइस हॉलमध्ये झाली होती, आणि ती आजही संग्राहक जपून ठेवतात. तिथे कोणालाही तपशील धूसर वाटत नाही.

याशिवाय त्यांच्या आधी त्या जागी पिएर बुलेझ होते, १९७१ ते १९७७. बुलेझ यांच्या वादनात प्रत्येक स्वर सुटा, कोरून काढल्यासारखा ऐकू येत असे. त्या स्वच्छतेची सवय झालेल्या कानांना मेहतांचा दाट, एकसंध आवाज धूसर वाटला असेल, तर तो वेगळ्या घराण्याचा आवाज होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. किराण्याची सवय असलेल्या माणसाने आग्र्याच्या गवयाला ‘सुरात ठहराव नाही’ म्हणावे, तसे हे आहे.

आणि समीक्षक येतो कधी? अमेरिकेत एकच कार्यक्रम आठवड्यात तीन-चार वेळा सादर होतो आणि परीक्षण बहुधा पहिल्या रात्रीचे लिहिले जाते. गडकरी रंगायतनला शुभारंभाचा प्रयोग पाहून नाटकावर शिक्का मारणे आणि पंचविसावा प्रयोग पाहून मत बनवणे यांतला फरक ठाणेकरांना सांगायला नको.

वाशीकर

आपली मांडणी अभ्यासपूर्ण आहे, पण मला ती मान्य नाही, आणि सर्वांत कमी मान्य आहे ती सभागृहाची सबब. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ असे मी मेहतांसारख्या माणसाबद्दल म्हणणार नाही. परंतु अंगण वाकडे होते एवढ्याने नाच चांगला झाला होता हेही सिद्ध होत नाही. १९९१ मध्ये मेहता गेले आणि कुर्ट मझूर आले. वादक बहुतांशी तेच, सभागृह तेच, शहर तेच. तरीही वाद्यवृंदाची शिस्त सुधारली, आवाज आवरलेला आणि नेमका झाला, असे तेव्हाच्या अनेक जाणकारांनी नोंदवले. भिंती न बदलता आवाज बदलत असेल तर दोष भिंतींचा किती आणि समोर उभ्या असलेल्या माणसाचा किती, याचे उत्तर आपणच द्यावे.

पहिल्या रात्रीचा मुद्दाही टिकत नाही. एका संध्याकाळी येऊन निकाल देणारा पाहुणा समीक्षक असता तर आपले म्हणणे मी मानले असते. पण तेथील वृत्तपत्रांचे समीक्षक त्या वाद्यवृंदाला हंगामामागून हंगाम ऐकत होते. तेरा वर्षांतल्या शेकडो पहिल्या रात्री मिळून जे चित्र उभे राहते ते अपघाताचे नसते. शिवाय पहिल्या रात्रीच्या श्रोत्यानेही तिकिटाचे पूर्ण पैसे दिलेले असतात. पुढच्या मंगळवारी वादन रंगणार आहे हे त्याच्या काय उपयोगाचे?

आता थोडे कटू बोलतो. मेहतांचा जन्म १९३६ साली मुंबईत झाला, त्यांचे वडील मेहली मेहता यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला, भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. या सर्वांचा मलाही अभिमान वाटतो. पण त्यांच्यावरची टीका वाचताना आपल्याला जो राग येतो त्यातला किती राग संगीताचा आणि किती आपलेपणाचा, हे प्रत्येकाने स्वतःला विचारले पाहिजे. हाच संचालक अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमध्ये जन्मलेला असता तर आपण हा चर्चेचा धागा उघडला असता का?

चरईकर

दोघेही ‘मेहतांचे वादन’ ही एकच वस्तू धरून बोलत आहात, तिथेच घोटाळा होतो आहे. रिचर्ड स्ट्राउस, ब्रुकनर, माहलर, पुच्चिनी यांत ते वेगळ्याच उंचीवर असतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबरची १९७५ ची माहलरची दुसरी सिंफनी, किंवा सदरलंड आणि पावारोत्ती या गायकांसह १९७२ मध्ये केलेले पुच्चिनीच्या ‘तुरांदोत’ या ऑपेराचे मुद्रण, यांना नावे ठेवणारा समीक्षक मला तरी भेटलेला नाही. हायडन आणि मोत्सार्ट यांत मात्र ते मला स्वतःला पटत नाहीत. दरबारी भारावून टाकणाऱ्या गायकाची ठुमरी कोरडी निघाली तर आपण गायकाला बाद करत नाही. कार्यक्रमाची आखणी चुकली म्हणतो. नियमित हंगामात मात्र संगीत दिग्दर्शकाला सगळेच वाजवावे लागते, आणि तिथे उणी बाजू दर काही आठवड्यांनी उघडी पडते.

नेरूळकर

मी व्हायोलिन शिकवते आणि हौशी वाद्यवृंदांत बरीच वर्षे मागच्या रांगेत बसून वाजवले आहे, म्हणून वादकाच्या खुर्चीतून जे दिसते ते लिहिते.

श्रोत्याला संचालकाचे हात दिसतात, पण कार्यक्रमाच्या संध्याकाळी हातांचे काम फार थोडे उरलेले असते. खरे काम तालमीत झालेले असते: गजाची दिशा कुठे बदलायची, सनईच्या जातीच्या ओबोला वाट मिळावी म्हणून दुसऱ्या व्हायोलिन्सनी किती मागे सरायचे, पितळी वाद्यांचा ‘फोर्टे’, म्हणजे मोठा आवाज, नेमका किती. अमेरिकी वाद्यवृंदात एका कार्यक्रमाला साधारण चार तालमी मिळतात. त्यातली पुष्कळशी नव्या किंवा अवघड रचनेवर खर्च होते, आणि जो बेथोव्हेन किंवा ब्राम्स सगळ्यांना ‘येतो’ त्यावर एकदा हात फिरवला जातो. मग परीक्षणात येते की बेथोव्हेन ठरावीक वळणाचा झाला. तो तसा झालेला असतोच. समीक्षक खोटे लिहीत नाही. फक्त त्याला कारण दिसत नाही, परिणाम ऐकू येतो.

सभागृहाच्या वादात मला एक निराळी गोष्ट सांगावीशी वाटते. मेहता १९५४ साली व्हिएन्नाला शिकायला गेले, हान्स स्वारोव्स्की यांच्या हाताखाली तयार झाले आणि म्युझिकफेराइनच्या सभागृहातला व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा आवाज त्यांच्या कानात कायमचा बसला. त्या सभागृहात तंतुवाद्यांचा आवाज आपोआप गडद आणि एकजीव होतो. संचालकाने गज लांब ओढायला सांगितले की बाकीचे काम ती वास्तू करते. तीच मागणी कोरड्या ध्वनीच्या सभागृहात केली तर गज लांब होतो, आवाज मोठा होतो, पण एकजीव होत नाही. म्हणजे दोष भिंतींचा की माणसाचा, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. एका वास्तूत घडलेला कान दुसऱ्या वास्तूत वापरला गेला. तिथे कान बदलणे हे संचालकाचे काम होते, एवढे वाशीकरांचे म्हणणे मला मान्य आहे.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकला १९३३ पासून कायमचा संचालक नाही; कोणाला बोलवायचे ते वादकच ठरवतात. त्यांनी मेहतांना नववर्षाच्या मैफलीसाठी पाच वेळा बोलावले: १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५. वृत्तपत्रातल्या परीक्षणाइतकेच हेही परीक्षण आहे, आणि ते ज्यांनी दिले त्यांनी त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष वाजवले होते.

वाशीकर

नेरूळकरताई, आपल्या तालमींच्या माहितीबद्दल आभार. हे मला ठाऊक नव्हते. परंतु वादकांच्या पसंतीला मी समीक्षेचा दर्जा देणार नाही. वादकांना जो संचालक आवडतो तो पुष्कळदा त्यांना त्यांच्या सवयीने वाजवू देणारा असतो. व्हिएन्नाच्या वादकांना योहान स्ट्राउसचे वॉल्ट्झ कसे वाजवायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. तिथे शहाणा संचालक वाटेतून बाजूला होतो. न्यू यॉर्कला नेमके उलटे हवे होते. तो वाद्यवृंद बेशिस्तीसाठी प्रसिद्ध होता आणि त्याला कोणीतरी रोज धारेवर धरण्याची गरज होती.

नौपाडाकर

मझूर यांच्याविषयी आपण लिहिले ते खरे आहे, पण अर्धे. १९९२ मध्ये, म्हणजे त्यांच्या पहिल्याच काळात, त्या सभागृहाच्या रंगमंचाभोवती आवाज परावर्तित करणारी लाकडी रचना बसवण्यात आली. तेव्हा ‘भिंती न बदलता’ हे विधान आपण मागे घ्यावे. मझूर यांनी वादकांना शिस्त लावली हे मी नाकारत नाही.

पहिल्या रात्रीच्या मुद्द्यावर मात्र मी मागे येतो. तेरा वर्षांच्या पहिल्या रात्री हा पुरावाच आहे. आपले बरोबर आहे. आपलेपणाच्या प्रश्नाचेही प्रामाणिक उत्तर देतो: नाही, ते क्लीव्हलंडचे असते तर मी हा धागा उघडला नसता. पण धागा कशामुळे उघडला यावरून त्यातले म्हणणे खोटे ठरत नाही.

कोपरखैरणेकर

इतक्या चर्चेत नव्या संगीताचा कोणी उल्लेखही करू नये याचे वाईट वाटते. पेंडेरेत्स्की यांची दुसरी सिंफनी १९८० मध्ये मेहतांनी न्यू यॉर्कमध्ये प्रथम सादर केली. पंडित रविशंकर यांचा दुसरा सतार कन्चेर्तो (सतार आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना), ‘रागमाला’, याच वाद्यवृंदाने लिहवून घेतला आणि १९८१ मध्ये मेहतांच्याच संचालनाखाली तो पहिल्यांदा वाजला. १९८३ पासून ‘होरायझन्स’ हे समकालीन संगीताचे महोत्सव तिथे भरले. ज्याला समीक्षक वरवरचा म्हणतात त्या माणसाने श्रोत्यांची सोय पाहिली असती तर त्याला हे काहीच करायची गरज नव्हती. एखाद्या पर्वाचे मोल ठरवताना बेथोव्हेन कसा वाजला याबरोबरच, त्या पर्वाशिवाय कोणते संगीत जन्मालाच आले नसते, हेही मोजले पाहिजे.

चरईकर

मोजले पाहिजे, पण निराळ्या वहीत. नवी रचना मागवणे हे धाडस आहे. ती नीट वाजवणे ही कला आहे. पहिल्याचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यात घालू नये.

घोडबंदरकर

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मेहता मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे संचालन करायला आले तेव्हा मी गेलो होतो. घोडबंदर रोडवरून नरिमन पॉइंट गाठायचे म्हणजे दुपारीच घर सोडावे लागते, आणि परतीच्या लोकलचे घड्याळ डोक्यात असतेच. ते सत्त्याऐंशी वर्षांचे होते. ज्या देखण्या हातवाऱ्यांवर इतके लिहिले गेले त्यांपैकी काहीही उरले नव्हते. उजवा हात छातीच्या पातळीवर, जेमतेम वीतभर हलणारा. डावा हात बराच वेळ स्थिर, आणि मधेच दोन बोटे उचलून चेलोंकडे एक इशारा. त्या इशाऱ्यासरशी चेलोंचा आवाज फुगला नाही, खोल गेला. मी पुढच्या बाजूला बसलो होतो म्हणून मला तो क्षण दिसला.

त्या रात्रीपासून माझ्या मनात एक शंका आहे, ती इथे मांडतो. १९८० च्या दशकातले समीक्षक पाहून लिहीत होते की ऐकून? देखणा, तरुण, आत्मविश्वासाने उभा राहणारा माणूस समोर असला की त्याचे संगीतही दिखाऊ वाटू लागते. मी स्वतः त्या काळात तिथे असतो तर कदाचित असेच लिहिले असते.

वाशीकर

घोडबंदरकर, आपला प्रतिसाद वाचून काल रात्री मी एक प्रयोग केला. ‘राइट ऑफ स्प्रिंग’ मेहतांनी लॉस एंजेलिसनंतर न्यू यॉर्क फिलहार्मोनिकबरोबरही ध्वनिमुद्रित केले आहे. दोन्ही मुद्रणे डोळे मिटून, लागोपाठ ऐकली. तिथे पाहण्यासारखे काहीच नसते. सुरुवातीचा ‘बसून’ या फुंकवाद्याचा एकल भाग न्यू यॉर्कमध्ये मला अधिक आवडला, त्या वादकाच्या फुंकीत जास्त धीर आहे. शेवटच्या बळीच्या नृत्यात मात्र, जिथे मात्रांची संख्या जवळपास दर पट्टीला (बारला) बदलते, लॉस एंजेलिसचा वाद्यवृंद एका देहासारखा उडी घेतो आणि न्यू यॉर्कचा प्रत्येक उडीआधी किंचित श्वास घेतो. मला तरी तो श्वास तालमीचा वाटतो, भिंतींचा नाही. नौपाडाकरांनी आणि नेरूळकरताईंनी तेवढा भाग ऐकून आपल्याला काय ऐकू येते ते लिहावे.

नेरूळकर

ऐकला. श्वास आहे. पण तो तंतुवाद्यांत नाही, पितळी वाद्यांत आहे, आणि पहिल्या दोन उड्यांनंतर तो नाहीसा होतो. रविवारी विद्यार्थ्यांसमोर स्वरलेखन उघडून पुन्हा ऐकेन आणि पट्ट्यांचे क्रमांक इथे देईन.