दिवसभर मागावर उभं राहणं म्हणजे व्यायाम का?

मागवाल्याचा मुलगा
काल इथं एकानं लिहिलं, 'कष्टकऱ्याला शुगर होत नाही हे जगजाहीर आहे, कॉलेजच्या पोरांनी घरोघरी शुगर आणि हालचालीचे फॉर्म घेऊन फिरायची गरज काय?' वाचून डोकं तापलं. माझे वडील तीस वर्षं यंत्रमागावर, बारा-बारा तास उभे. पन्नाशीत शुगर निघाली, पुढं पायाचं बोट काढावं लागलं. कष्टात कुठं कमी पडले ते? माझी पुतणी त्याच पोरांत आहे. तिच्या फॉर्मात कामावरची हालचाल, येणं-जाणं आणि मोकळ्या वेळेतलं चालणं-खेळणं यांचे रकाने वेगवेगळे आहेत. का, ते तरी विचारायचं होतं.

सात रस्ता
लिहिणारा मीच. वडिलांचं वाईट वाटलं, पण एका माणसावरून नियम ठरत नाही. 1953 मध्येच मॉरिस या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या दुमजली बसवर दाखवलंय, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा बसचा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी.

मागवाल्याचा मुलगा
मग पुढचंही सांगा की. 1956 मध्ये त्यांनीच गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांची कंबर तरुण वयातही मोठी निघाली. म्हणजे फरक नुसत्या कामाचा नव्हता. आणि मागावर जिना नसतो. उभं राहायचं, कापसाची धूळ खायची, रात्रपाळी करायची. त्यात दम लागेल असं चालणं कुठं आहे?

विडीवालीची लेक
माझी आई मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळते. बीपी आहे. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास चाला. कुठं चालायचं? रस्त्याला फुटपाथ नाही, पहाटे कुत्री मागं लागतात.

सात रस्ता
सिद्धेश्वर तलावाकाठी जायचं. पहाटे कितीतरी बाया चालतात तिथं.

विडीवालीची लेक
पूर्व भागातून? रिक्षाचं भाडं तुम्ही देणार? आणि नळ आला तर? चार-पाच दिवसांनी येतो, तोही अवेळी. पाणी सोडून कोण चालायला जाईल?

जुळे सोलापूर
पाण्याचं बोललात ते बरं झालं. उजनी धरण भरलं तरी आमचा नळ कोरडाच. मागच्या महिन्यात रात्री दोनला पाणी आलं, बायको जिन्यावरून घागरी चढवत होती, पाठ धरली. आठवडाभर दुकान बंद. आधी यावर बोला!

सात रस्ता
पाण्याचा धागा वेगळा काढा, विषय भरकटतोय.

विडीवालीची लेक
तुमच्या घरी टाकी आहे म्हणून वेगळा वाटतो. घागरी वाहणं फॉर्मात कुठल्या रकान्यात जातं, तेवढं सांगा.

मागवाल्याचा मुलगा
कामाच्या, अक्का. घरकाम, पाणी भरणं त्यातच धरतात. रकाने वेगळे ठेवले नाहीत, तर तुमची आई आणि तलावावर चालणारी बाई एकाच हिशेबात बसतील.

सात रस्ता
बरं, एवढं मान्य. 'होत नाही' असं सरसकट लिहायला नको होतं. पण एकदाच फॉर्म भरून आधी काय झालं ते कसं कळणार? मला शुगर निघाल्यावर मी चालायला लागलो. तुमच्या पुतणीच्या कागदावर मी 'चालतो तरी शुगर' असाच दिसणार.

मागवाल्याचा मुलगा
हे मात्र खरं. शुगर कधी निघाली आणि चालणं कधी सुरू केलं, दोन्ही विचारायला सांगतो तिला.

विडीवालीची लेक
आमच्या गल्लीत पाठवा. चारनंतर या, विड्या देऊन आई घरी असते. फक्त नळाचा दिवस नको.